पाहुण्याचा परवाना

आमच्या शाळेत पालकसभा संपली की दोन-चार आया मागे रेंगाळतात. मुलांच्या मार्कांविषयी जे विचारायचे ते सभेत विचारून झालेले असते. खरे प्रश्न त्यानंतर निघतात. कोणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलेले असते, कोणाला शाळा सोडल्याच्या दाखल्याचा इंग्रजी तर्जुमा हवा असतो, कोणाला बँकेचे पत्र वाचून घ्यायचे असते. उर्दू शाळेतली शिक्षिका ही मोहल्ल्याची अर्जनवीसही असते, हे बी.एड.ला कोणी शिकवत नाही. ते आपोआप अंगावर येते.

गेल्या जूनमध्ये दहावीतल्या एका मुलीची आई अशीच थांबली. तिचा थोरला मुलगा दुबईला निघाला होता, ड्रायव्हरच्या कामावर. तिने विचारले, "टीचर, इंटरनॅशनल लायसन्स काढून दिला की झालं ना? तिथं उतरला की गाडी चालवता येईल ना त्याला?"

मी लगेच उत्तर दिले नाही. तिला बाकावर बसवले, पाणी दिले. हाच प्रश्न २०१२ साली माझ्या अम्मीने मला विचारला होता आणि मी क्षणभरही विचार न करता 'हो' म्हटले होते. त्या एका 'हो'ची गोष्ट मला आज सांगायची आहे.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. अब्बा विशीत मुंबईला आले ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत. आधी गॅरेजमध्ये हाताखाली राबले, मग लायसन्स आणि बिल्ला मिळवला आणि काळी-पिवळी चालवू लागले. त्यांची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगजवळचा तिचा गिअर ओढतानाचा खणखणाट आम्हां भावंडांना ओळखीचा होता. चाळीच्या तोंडाशी तो ऐकू आला की अम्मी चहा ठेवायची. केईएम आणि टाटा रुग्णालयांकडे जाणारे प्रवासी त्यांच्या गाडीत नेहमी असत. अशा माणसांशी ते सुट्ट्या पैशांसाठी कधी हुज्जत घालत नसत. गणपतीत लालबागचा रस्ता बंद झाला की कुठून वळायचे, हिंदमाताला पाणी भरले की दादरहून परळ कसे गाठायचे, गिरगावातल्या कोणत्या गल्लीत गाडी शिरते आणि कोणत्या गल्लीत शिरून अडकते, सगळे त्यांना तोंडपाठ. शाळेत ते उर्दू चौथीपर्यंत शिकले होते. मुंबई मात्र त्यांनी पुरी वाचली होती.

माझ्या धाकट्या भावाला त्यांनीच गाडी शिकवली. रविवारी पहाटे शिवडीच्या बाजूला, गोदीच्या मोकळ्या रस्त्यांवर. अठरा वर्षे पूर्ण होताच, २००८ साली, त्याने ताडदेवच्या आरटीओतून लायसन्स काढला. बारावीनंतर तो पुढे शिकला नाही. मी मात्र शिकत राहिले. २०१२ साली माझे बी.एड. पुरे झाले, त्याच वर्षी त्याला दुबईच्या एका कंपनीत डिलिव्हरी व्हॅन चालवण्याचे काम लागले. एजंटाने बजावले, "इंटरनॅशनल काढून ठेवा, बाकीचं तिकडे बघून घेऊ."

घरात शिकलेली मी. साहजिकच अर्ज मी भरला. ताडदेवला त्याच्याबरोबर मी गेले. तेव्हा या परवान्याची फी पाचशे रुपये होती. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरचे सर्टिफिकेट, फोटो असे सगळे जोडून दिले आणि काही दिवसांनी राखाडी कव्हरचे छोटेसे पुस्तक हातात आले. वर मोठ्या अक्षरांत 'इंटरनॅशनल'. अम्मीने ते हातात घेऊन डोळ्यांना लावले. व्हिसा आणि तिकिटासाठी तिच्या दोन बांगड्या गेल्या होत्या. तिने मला विचारले, "झालं ना आता सगळं?" मी म्हटले, "हो अम्मी, झालं."

दुबईत पहिल्या आठवड्यातच कंपनीच्या माणसाने ते पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. म्हणाला, "ये तो घूमने आनेवालों का है, भाई."

ते खरे होते. पर्यटक म्हणून गेलेल्या भारतीय माणसाला तिथे भाड्याची गाडी चालवायची असेल तर आपला लायसन्स आणि त्याबरोबर हा परवाना लागतो. पण नोकरीवर आलेल्या, राहण्याचा व्हिसा लागलेल्या माणसाला तो चालत नाही. त्याला तिथलाच लायसन्स काढावा लागतो. डोळ्यांची तपासणी, शिकवणीचे ठरावीक तास, लेखी परीक्षा, पार्किंगची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा. लेखी परीक्षा तिथे उर्दूत देता येत होती. ती भाऊ पहिल्या फटक्यात पास झाला. जुना हिंदुस्थानी लायसन्स दाखवल्यामुळे शिकवणीचे तासही थोडे कमी झाले. पण रस्त्यावरच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. लेन बदलताना मान वळवून मागे पाहिले नाही, म्हणून एकदा. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवले नाही, म्हणून दुसऱ्यांदा. मुंबईत तेवढे अंतर ठेवले तर मध्ये दोन टॅक्सी आणि एक हातगाडी शिरते! तिथे उजव्या बाजूने चालायचे, स्टिअरिंग डावीकडे. हात शिकलेले असतात ते सगळे उलटे.

प्रत्येक वेळी नवी फी, नवे तास. तोवर कंपनीने त्याला गोदामात खोकी उचलायला ठेवले, पगारही हमालाचा. लायसन्स मिळेपर्यंत चौदा महिने गेले. घरी त्याने यातले काही सांगितले नाही. फोनवर म्हणायचा, "सब ठीक है, आपा." २०१३च्या डिसेंबरात माझा निकाह झाला तेव्हा तो आला नाही. सुट्टी मिळत नाही, असे सांगितले. पुढच्या वर्षी घरी आला तेव्हा खरे कळले. सुट्टी होती, तिकिटाचे पैसे तिसऱ्या परीक्षेत गेले होते.

त्या रात्री त्याने बॅगेतून ते राखाडी पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवले. रागाने नाही. सहज म्हणाला, "हे घे आपा, मुदत संपली." त्याची मुदत एक वर्षाचीच असते.

मी ते पहिल्यांदा नीट वाचायला घेतले. भाषेची शिक्षिका मी. मुलांना रोज सांगते की धडा वाचल्याशिवाय प्रश्नांची उत्तरे लिहू नका. आणि भावाच्या पोटापाण्याचा धडा मीच वाचला नव्हता.

हा परवाना म्हणजे काय, ते मला त्यानंतर समजत गेले. रस्त्यावरच्या वाहतुकीविषयी देशादेशांमध्ये १९४९ साली जिनिव्हात एक करार झाला, दुसरा १९६८ साली व्हिएन्नात. भारत पहिल्या करारात १९६२ साली आणि दुसऱ्यात १९८० साली सामील झाला. परवान्याचा नमुना या करारांनी ठरवून दिला आहे. राखाडी कव्हर, आत पांढरी पाने आणि तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत. म्हणजे हे पुस्तक लायसन्स नव्हेच, तो लायसन्सचा तर्जुमा आहे. परक्या देशातल्या पोलिसाला आपला लायसन्स वाचता आला नाही तर त्याच्या समजुतीसाठी. दाखल्याचा तर्जुमा जसा मूळ दाखल्याशिवाय कोणी घेत नाही, तसाच हा परवाना मूळ लायसन्सशिवाय कोणी मानत नाही. ज्या देशाने दिला त्या देशात तो चालतही नाही. आपण ज्याला 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणतो तशी वस्तू जगात कुठेच नाही.

आणि १९४९च्या नमुन्यात एक वाक्य आहे. त्याचा मतलब असा: हा परवाना जवळ असला तरी ज्या देशात जाल तिथले, राहण्याविषयीचे आणि धंदा-व्यवसायाविषयीचे कायदे तुम्हाला काटेकोर पाळावेच लागतील. राहणे आणि धंदा. माझा भाऊ या दोन गोष्टींसाठीच तर गेला होता! १९६८च्या करारात तर त्याहून स्पष्ट आहे: परक्या देशात कायम राहायला लागलात की तिथे या परवान्याचा अंमल संपतो. माझी अम्मी बांगड्या काढून देत होती तेव्हाही हे सगळे जगाला ठाऊक होते. फक्त ते वाचून दाखवण्याचे काम जिचे होते, तिने कव्हरवरचा एक शब्द वाचून पुस्तक मिटले होते.

आता कोणी विचारले की परदेशात गाडी चालवायला हा परवाना लागतो का, तर मी आधी उलटे विचारते: कुठे चाललात आणि कशासाठी? कारण उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर आपल्या भारतीय लायसन्सवर बारा महिने मोटार चालवता येते. परवाना लागत नाही. आपल्याकडचे लायसन्स इंग्रजीत असतात, ते तिथल्या पोलिसाला वाचता येतात. जर्मनीत लायसन्सचे जर्मन भाषांतर तरी लागते किंवा हा परवाना तरी. जपान १९४९च्या नमुन्याचाच परवाना मानतो. चीनमध्ये हा परवाना दाखवून काही उपयोग नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आणि परवाना कितीही पक्का असला तरी तिथल्या कायद्याच्या वर जात नाही. सौदी अरबस्तानात २४ जून २०१८पर्यंत बाईला गाडीच चालवता येत नव्हती. तोवर एखादी बहीण कोणत्याही देशाचा परवाना घेऊन गेली असती तरी चाक हातात मिळाले नसते. पाहुण्याच्या बाबतीत असे निरनिराळे नियम. कामाला जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र आखातात उत्तर एकच: तिथला लायसन्स.

अब्बांना यातले पुरेसे कधी सांगितले नव्हते. भावाने हमालीची गोष्ट झाकून ठेवली, मी माझी. अम्मी गेली तेव्हा तिलाही ठाऊक नव्हते. मग २०२४ साली भावाने अब्बांना मे महिन्यात दुबईला बोलावले, सोबत मला. अब्बा सत्तरीचे. टॅक्सी त्यांनी केव्हाच सोडली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओतच नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अब्बांनी बातमी दोनदा वाचून घेतली आणि मग बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. साधा लायसन्स मात्र ते दर पाच वर्षांनी न चुकता नवा करून घेत. व्हिसा आला तसे म्हणाले, "माझाही इंटरनॅशनल काढ. एकदा तिथल्या रस्त्यावर गाडी चालवून बघायची आहे."

आम्ही पुन्हा ताडदेवला गेलो. लालबागहून बस, भायखळा, मुंबई सेंट्रल, मग तुळशीवाडी. आता फी हजार रुपये आहे. अर्ज ऑनलाइन. २०२१पासून डॉक्टरचे सर्टिफिकेट आणि अर्जाच्या वेळी व्हिसा असण्याची अट उठली आहे. परवान्याची मुदत परदेशात संपली तर तिथल्या आपल्या वकिलातीतून अर्ज करण्याची सोयही त्याच वर्षी झाली. २०२२पासून देशभर एकाच नमुन्याचा परवाना मिळतो, त्यावर क्यूआर कोड असतो. हे सगळे मी या वेळी आधी वाचून गेले होते.

खिडकीवरच्या माणसाने अब्बांना विचारले, "बाबा, फिरायलाच चाललात ना? नोकरीला असेल तर याचा उपयोग नाही बरं का."

अब्बा हसून म्हणाले, "आता कसली नोकरी? पोराकडे चाललो, वीस दिवस."

जिना उतरताना ते थांबले. म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर."

मला आणखी झाकता येईना. तिथेच, कठड्याला धरून, मी सगळे सांगितले. गोदाम, चौदा महिने, तिकिटाचे पैसे. आणि पुस्तकात ते लिहिलेले असून मी वाचले नव्हते, हेही. अब्बांनी ऐकून घेतले. आजूबाजूने अर्ज घेतलेली माणसे चढत-उतरत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू तरी कुठे गाडी चालवणारी होतीस? ज्याने उभा जन्म चालवली, त्याने विचारायला हवं होतं. मला वाटलं, कागद लिहिलावाचलेल्यांचं काम. आणि तुला वाटलं, गाडी अब्बांचं काम." पुढे बसमध्ये आम्ही दोघेही बोललो नाही.

दुबईच्या विमानतळाबाहेर भाऊ आपली गाडी घेऊन आला होता. अब्बा सवयीने उजव्या दाराकडे गेले, बसले आणि समोर पाहतात तो स्टिअरिंग नाही! स्टिअरिंग डावीकडे, तिथे मुलगा बसलेला. ते स्वतःशीच हसले. वीस दिवसांत भावाने दोनदा विचारले, "अब्बा, भाड्याची छोटी गाडी घेऊ या? तुमचा परवाना आहे." स्वतःची गाडी मात्र विमा कंपनीला विचारल्याशिवाय द्यायची नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले होते. अब्बा दोन्ही वेळा नाही म्हणाले. ते नुसते शेजारी बसून पाहत. लेन बदलताना भाऊ मान वळवून मागे बघतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी टिपले होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "इथं मी शिकाऊच. परवाना खिशात आहे म्हणून हातांना येतं असं थोडंच आहे? तुला दोनदा नापास केलं ते बरोबरच केलं बेटा. पण तू मला सांगायला हवं होतंस. मी ओरडलो नसतो."

भाऊ काही बोलला नाही. सिग्नल हिरवा झाला होता.

ही गोष्ट मी त्या आईला बाकावर बसवून सांगितली, थोडी आटोपती. मग दुसऱ्या दिवशी मुलालाच बोलावले. परवान्यातल्या वाक्याचा उर्दू तर्जुमा करून त्याच्यापुढे ठेवला आणि मोठ्याने वाचायला लावला. त्याला सांगितले: परवाना काढू नको असे मी म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर जाऊ नको. मूळ लायसन्स जपून ने, शिकवणीचे तास कमी होण्यासाठी तो उपयोगी पडेल. तिथल्या लायसन्सचा खर्च कंपनी करणार की तू, हे निघण्यापूर्वी लेखी घे. लायसन्स मिळेपर्यंत काम काय आणि पगार किती, हेही कागदावर असू दे. एजंट म्हणतो 'तिकडे बघून घेऊ', तेव्हा बघावे आपल्यालाच लागते.

आपल्यातली किती मुले आखातात चाक धरायला जातात! कोकणातल्या गावागावांतून, परळ-नागपाडा-मदनपुऱ्याच्या खोल्यांतून. घरात एक तरी बहीण किंवा भाऊ आता शिकलेला असतो. मी त्या शिकलेल्यांना एवढेच सांगेन: अर्ज भरून देणे हे अर्धेच काम आहे. जो कागद आपल्या माणसाच्या हातात देऊन त्याला विमानात बसवतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा.

तो मुलगा ऑगस्टमध्ये गेला. खर्च कंपनीने अर्धा उचलला आहे, बाकीचा पगारातून हप्त्याने. मागच्या महिन्यात त्याच्या आईने शाळेत येऊन सांगितले की लेखी परीक्षा पास झाला, उर्दूतून; रस्त्यावरच्या परीक्षेत एकदा नापास झाला. आणि हे त्याने त्याच संध्याकाळी फोन करून घरी सांगितले.